हजेरी

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

मी ठाण्यात खोपटला राहतो. खोपट म्हटलं की ठाण्याबाहेरच्या माणसाला एसटी स्टँड आठवतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. आमचंही लहानपण त्या स्टँडच्या आवाजातच गेलं. माझे अब्बा एसटीत ड्रायव्हर होते. पहाटे कोकणात जाणाऱ्या गाड्या लागायच्या, कंडक्टर गावांची नावं पुकारायचे आणि आम्ही भावंडं अंथरुणात पडल्या पडल्या ती ऐकायचो. पुढे आयुष्यात मी ज्या थोड्याफार कविता लिहिल्या, त्यांचा ताल मला तिथंच सापडला असावा असं मला वाटतं. पण आज मला बोलायचं आहे ते एसटीबद्दल नाही. आज मी एका खोलीबद्दल बोलणार आहे. कॉलेजातल्या मराठी विभागाच्या खोलीबद्दल.

निमित्त असं झालं. यंदा मार्चमध्ये आमच्या भागातल्या एका कॉलेजच्या मराठी विभागानं मला बोलावलं. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना निरोप द्यायचा होता. निरोप समारंभ म्हटल्यावर मी सभागृह, माईक, रांगोळी असं काहीतरी मनात धरून गेलो. तिथं होते चार विद्यार्थी, एक प्राध्यापक बाई, तासिका तत्त्वावर शिकवणारे एक तरुण सर आणि टेबलावर सामोशांचा पुडा. पाच मिनिटांत सगळ्यांची ओळख झाली. मग त्या चौघांपैकी मुंब्र्याहून येणारी एक मुलगी बोलायला उठली. तिनं कागद आणला होता, पण तो तिनं उघडलाच नाही.

ती म्हणाली, "मी मराठी काही आवडीनं घेतलं नव्हतं. दुसरीकडे प्रवेश मिळाला नाही म्हणून घेतलं. पहिल्या आठवड्यात मला ताप आला. दोन दिवस घरी राहिले. तिसऱ्या दिवशी आले तर बाईंनी विचारलं, दोन दिवस कुठं होतीस? मला वाटलं, आता बोलणी बसणार. पण बाईंना खरंच माहीत करून घ्यायचं होतं. शाळेत आमच्या वर्गात साठ मुलं होती. मी महिनाभर आले नसते तरी कुणी विचारलं नसतं. त्या दिवशी मी ठरवलं, आता इथंच राहायचं."

इतकं बोलून ती थांबली. मग खाली बघत म्हणाली, "पण आमच्यानंतर हा वर्ग नाही. पुढच्या वर्षी मराठीला दोनच नावं आली आहेत."

श्रोतेहो, मला त्यानंतर दहा मिनिटं बोलायचं होतं. घरून मी भाषेच्या वैभवावर चार मुद्दे काढून नेले होते. ते मी बाजूला ठेवले आणि त्या मुलांना मी माझ्या हजेरीची गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हाला सांगतो.

ठाण्यात कला-वाणिज्य महाविद्यालय निघालं ते १९६९ साली, विद्या प्रसारक मंडळाच्या पुढाकारानं. त्याआधी ठाण्याच्या मुलाला पदवी हवी तर लोकल पकडून मुंबईला नाहीतर उलट दिशेनं उल्हासनगरला जावं लागे. आमच्या पिढीपर्यंत कॉलेजं घराजवळ आली होती. माझं कॉलेज कोणतं ते मी मुद्दाम सांगत नाही. नाव घेतलं की ती एका कॉलेजची गोष्ट होते, आणि मला ती तशी करायची नाही.

साल १९९०. बारावी झालो. नातेवाइकांचं म्हणणं, कॉमर्स घे, निदान कुठं तरी चिकटशील. मामूंचं म्हणणं, शिकायचीच आहे भाषा तर उर्दू शीक. मी म्हटलं, मराठी घेतो. घरात शांतता पसरली. आमच्या घरात कोकणी मुसलमानांची बोली चालते. ती ऐकली तर रत्नागिरीकडच्या कुणालाही ती आपल्या गावचीच वाटेल. शाळा माझी नगरपालिकेची, मराठी. म्हणजे मराठी ही काही मी बाहेरून आणलेली वस्तू नव्हती. तरी कॉलेजात जाऊन मराठी शिकायची म्हणजे काय करायचं, हे घरात कुणालाच कळेना.

अब्बांनी एकच प्रश्न विचारला. "तिथं अमर शेख शिकवतात का?" संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत अब्बांनी शाहीर अमर शेखांना ऐकलं होतं. लहान होते तेव्हा, कुणाच्या तरी खांद्यावर बसून. तो आवाज त्यांच्या कानांतून कधी गेला नाही. मी म्हटलं, विचारून सांगतो. अब्बा म्हणाले, "विचार. आणि घे काय घ्यायचं ते."

पहिलं वर्ष गर्दीत गेलं. शंभरावर मुलं, पंख्याचा आवाज आणि रोल नंबर. कुणाचाही नंबर पुकारला तरी कुणीतरी 'प्रेझेंट सर' म्हणायचंच. मी स्वतः दुसऱ्यांसाठी म्हटलं आहे आणि दुसऱ्यांनी माझ्यासाठी. त्या वर्गात कुणी मेलं असतं तरी त्याची हजेरी लागत राहिली असती.

मात्र तिसऱ्या वर्षाला, मराठी हा एकच विषय घेतल्यावर, आम्ही उरलो सात जण. वर्ग भरायचा तोसुद्धा विभागाच्या खोलीत, कारण सात जणांसाठी मोठा वर्ग मिळत नसे. खोली जिन्याशेजारी. एक लांब टेबल, दहा खुर्च्या, त्यातल्या दोन डुगडुगणाऱ्या, आणि एक लोखंडी कपाट. ते उघडताना असा आवाज करायचं की शेजारच्या वर्गातले सर क्षणभर थांबायचे.

आमचे विभागप्रमुख सर हजेरीच्या बाबतीत फार काटेकोर. पण नंबरानं किंवा नावानं ते हजेरी घेत नसत. पहिल्याच दिवशी त्यांनी प्रत्येकाला विचारलं, "कुठून येतोस?" आणि हजेरीपत्रकात नावापुढे ते पेन्सिलीनं लिहून ठेवलं. त्या दिवसापासून आमची हजेरी मध्य रेल्वेच्या क्रमानं सुरू झाली. कळवा. दिवा. डोंबिवली. शहाड. टिटवाळा. मग ज्यांना स्टेशन नाही असे दोघं. कोपरी आणि खोपट. माझं नाव सगळ्यात शेवटी. 'खोपट' म्हणून झालं की सर हजेरीपत्रक मिटायचे आणि शिकवायला लागायचे.

ही सात स्टेशनं कशी होती ते थोडं सांगायला हवं. कळव्याचा मुलगा सकाळी दुधाची लाइन टाकून यायचा. दिव्याचा आगरी, घरची खारजमीन होती. त्या काळी दिवा म्हणजे आजचा दिवा नव्हे. फाटकापलीकडे शेतंच दिसायची. डोंबिवलीची मुलगी आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त वाचलेली आणि ते आम्हाला विसरू न देणारी. शहाडच्या मुलीचे वडील कारखान्यात पाळीवर जायचे. टिटवाळ्याचा मुलगा अबोल, अक्षर मात्र छापल्यासारखं. कोपरीची मुलगी दलित वस्तीतली. घरात तिच्याआधी कुणी दहावीपलीकडे गेलेलं नव्हतं. आणि खोपटचा मी.

या सातांची मराठी सात तऱ्हांची होती. सरांनी एकदा आम्हाला सांगितलं, आपापल्या घरी पावसाला, मासळीला आणि रागावण्याला जे जे शब्द आहेत ते लिहून आणा. आम्ही आणले. रागावण्याच्या शब्दांत दिवा आणि खोपट यांची बरोबरी झाली. डोंबिवलीला तिच्या आजीकडून मिळालेले शब्द आमच्यापैकी कुणाला माहीत नव्हते आणि आमचे तिला. त्या शब्दांचंच आम्ही भित्तिपत्रक केलं. टिटवाळ्यानं ते आपल्या अक्षरात लिहिलं. प्रमाण मराठी आणि अशुद्ध मराठी असा माझ्या डोक्यातला जुना हिशेब त्या आठवड्यात मोडला. तोवर माझी मराठी ऐकून लोक कौतुकानं म्हणायचे, "अरे वा, तुमची मराठी किती छान आहे!" म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसायचं. पण घरातल्या माणसाला कुणी 'आमच्या घरी तुम्ही किती सहज वावरता हो' म्हणालं तर त्याला कसं वाटेल, तसं मला वाटायचं. त्या खोलीत सबंध वर्षात हे वाक्य मला कुणी ऐकवलं नाही. माझी मराठी तिथं छान नव्हती. ती फक्त खोपटची होती.

अब्बांचा प्रश्न मी सरांना विचारला होता. अमर शेख शिकवतात का? सर हसले नाहीत. म्हणाले, "अभ्यासक्रमात नाहीत. कपाटात आहेत." आणि त्यांनी कपाटातून संग्रह काढून दिला. पुढे एकदा त्याच कपाटातून त्यांनी मला श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा 'योगसंग्राम' दिला. शिवकाळाच्या आगेमागे होऊन गेलेला हा संतकवी मुसलमान होता आणि मराठीत ओव्या लिहीत होता. मामूंना सांगायला मला एक उत्तर मिळालं. मराठीतला मी काही पहिला नव्हतो. माझ्याआधी तीनशे-साडेतीनशे वर्षं कुणीतरी हजेरी लावून गेलं होतं.

मी कॉलेजात आलो त्याच १९९० सालात दोन गोष्टी घडल्या होत्या. पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते संतसाहित्याचे अभ्यासक डॉ. यू. म. पठाण. आणि सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, त्याचे अध्यक्ष होते प्रा. फ. म. शहाजिंदे. सरांनी या दोन्ही संमेलनांची वर्तमानपत्रांतली कात्रणं जपून ठेवली होती. ती त्यांनी टेबलावर ठेवली आणि विचारलं, "एक मुसलमान अभ्यासक मुख्य संमेलनाचा अध्यक्ष होतो, त्याच वर्षी वेगळं संमेलनही भरतं. दोन्ही कशाला हवीत?"

त्या दिवशी आमचं जोरदार भांडण झालं. डोंबिवली म्हणाली, साहित्याला असे कप्पे नसतात. कोपरी म्हणाली, कप्पे नसतात असं ज्याला मोठी खोली मिळाली आहे तोच म्हणतो. दिवा म्हणाला, आगऱ्यांचंही एक संमेलन हवं. मी गप्प होतो. सरांनी मला बोल म्हणून आग्रह केला नाही. आता सगळ्यांनी माझ्याकडे वळून 'तुला काय वाटतं' असं विचारायचं आणि मी सगळ्या समाजाच्या वतीनं उत्तर द्यायचं, हा प्रसंग माझ्यावर आयुष्यात अनेकदा आला. त्या खोलीत तो आला नाही. चार दिवसांनी मी स्वतःहून बोललो.

त्या भांडणातूनच सरांनी मिलिंदची गोष्ट काढली. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, महाविद्यालय काढलं. पुढे ते मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आलं. मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतून आलेली मुलं नागसेनवनात राहू लागली. प्राचार्य म. भि. चिटणीसांनी 'युगयात्रा' नाटक लिहिलं आणि त्या मुलांनी ते रंगमंचावर उभं केलं. त्याच परिसरातून पुढे प्रा. गंगाधर पानतावणे यांचं 'अस्मितादर्श' निघालं आणि दलित साहित्याला हक्काचं व्यासपीठ मिळालं. सरांचं म्हणणं एवढंच होतं, की मराठीत जे मोठं काही उभं राहिलं त्याच्या मुळाशी पुष्कळदा एखादं वसतिगृह, एखादी खोली आणि थोडीशी मुलं असतात. कोपरी ते टिपून घेत होती. पुढे ती प्राध्यापक झाली. पण ते नंतर.

आता जे सांगायचं आहे ते सांगायला मला आजही जड जातं.

आम्ही शेवटच्या वर्षाला होतो तेव्हा ६ डिसेंबर १९९२ आला. अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली आणि त्या डिसेंबरात, पुन्हा जानेवारी १९९३ मध्ये, मुंबई पेटली. आमच्या गल्लीत काही झालं नाही. पण मुंबईतल्या नातेवाइकांच्या बातम्या रोज येत होत्या, आणि अब्बांनी जानेवारीत मला सांगून टाकलं, कॉलेज बंद. घरातून बाहेर पडायचं नाही. अम्मा दिवसभर खिडकीशी बसून असायची. मी पुस्तक उघडायचो आणि मिटायचो. त्या दिवसांत माझ्या मनात एक विचार पक्का होत चालला होता. त्या खोलीत आता सहाच जण बसत असतील, आणि ते ठीक चाललं असेल.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी दारावर थाप पडली. अम्मानं कडी काढली नाही. बाहेरून आवाज आला, "कळवा आणि डोंबिवली." मी कडी काढली. दोघं होते आणि त्यांच्या मागे सर. स्टेशनपासून चालत आले होते. अब्बा घरातच होते. ते सरांना म्हणाले, "अहो सर, अशा दिवसांत कशाला आलात?" सर म्हणाले, "तुमचा मुलगा बरेच दिवस दिसला नाही म्हणून आलो."

बस. एवढंच. सरांनी त्या दिवशी देशाबद्दल काही सांगितलं नाही. बंधुभावावर बोलले नाहीत. अम्मानं चहा केला. कळव्यानं पिशवीतून दुधाच्या पिशव्या काढून मुकाट्यानं अम्मासमोर ठेवल्या. डोंबिवलीनं नोट्स आणल्या होत्या. सरांनी विचारलं, "ट्यूटोरियल लिहून झालं का?" मी म्हटलं, नाही. म्हणाले, "मग लिही. मी सगळ्यांचं एकदमच तपासणार आहे, तुझ्यासाठी थांबलोय." निघताना डोंबिवली मला हळूच म्हणाली, "सर रोज शेवटी 'खोपट' म्हणतात. थांबतात. मग मिटतात."

प्रजासत्ताक दिनानंतर मी कॉलेजात गेलो. तास सुरू होण्याआधी सरांनी हजेरीपत्रक उघडून माझ्यासमोर धरलं. मधले काही दिवस वर्ग भरलेच नव्हते. जे भरले त्यांतले माझे अकरा चौकोन कोरे होते. हजर नाही आणि गैरहजरही नाही. मला वाटलं, सर आता ते भरून टाकणार. दुसऱ्या कुणीही तेच केलं असतं. सहानुभूतीनं अकरा वेळा 'हजर' लिहून मोकळं झालं असतं. उपस्थितीचा प्रश्न मिटला असता.

सरांनी पेन उघडलं आणि एकेक तारीख मोठ्यानं वाचत प्रत्येक चौकोनात 'अनुपस्थित' अशी खूण केली. आम्ही सातही जण ऐकत होतो. संपल्यावर म्हणाले, "तू नव्हतास. हे लिहून राहायला हवं. तू होतास असं मी लिहिलं तर हे दिवस झालेच नाहीत असं होईल." मग पेन मिटलं आणि हजेरी सुरू केली. कळवा. दिवा. डोंबिवली. शहाड. टिटवाळा. कोपरी. खोपट.

मी 'हजर' म्हणालो. मला वाटतं माझी पहिली कविता तो एक शब्द आहे.

पुढे १२ मार्चला, शुक्रवारी, मुंबईत बॉम्बस्फोट झाले. घरात पुन्हा तीच भीती आणि आता तिच्यात आणखी एक, लोक आपल्याकडे कसे बघतील याची. शनिवारी सकाळी अब्बा दारात उभे होते. मी चपला घातल्या. अब्बांनी विचारलं, "जायलाच हवं का?" मी म्हटलं, "गेलो नाही तर सर थांबतील." अब्बा बाजूला झाले.

ही गोष्ट इथं संपवली तर ती गोड होईल, पण पूर्ण होणार नाही. त्या जानेवारीत आमच्या घरी सगळे आले नव्हते. दिवा आणि शहाड नंतर येऊन गेले. कोपरीनं पत्र पाठवलं. टिटवाळा आला नाही. मी कॉलेजात परतल्यावरही तो माझ्याशी धड बोलला नाही. का, ते मी विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही. त्याच्या घरी, गावात, मित्रांत त्या दिवसांत काय बोललं जात होतं, ते मला ठाऊक नाही. परीक्षेच्या आठ दिवस आधी मी खोलीत गेलो तर माझ्या खुर्चीवर वहीच्या पानांचा गठ्ठा होता. ज्या अकरा दिवसांत मी नव्हतो त्या प्रत्येक दिवसाचे सगळे तास, त्या छापल्यासारख्या अक्षरात उतरवलेले. वर तारखा. खाली सही नाही. टिटवाळा समोर बसून खिडकीबाहेर बघत होता. मी थँक्यू म्हणालो नाही. म्हणालो असतो तर त्याला उठून जावं लागलं असतं.

आपुलकीची जागा म्हणजे जिथं सगळे एकमेकांवर सारखं प्रेम करतात ती, असं मी मानत नाही. तशी जागा मी पाहिलेली नाही. जिथं आपलं नसणं कुणाच्या तरी लक्षात येतं, आणि ते लक्षात आल्यावर ज्याला जसं जमेल तसं तो काहीतरी करतो, ती जागा आपली. कुणी चालत येतं. कुणी दूध आणतं. कुणी नुसतं लिहून ठेवतं.

आमच्या निरोपाच्या वेळी आम्हीही भाषणं केली. मी काय बोललो ते आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की सरांनी शेवटची हजेरी घेतली आणि 'खोपट' झाल्यावर हजेरीपत्रक मिटलं नाही. थोडा वेळ तसंच उघडं ठेवलं.

मी बी.ए. झालो आणि तिथंच थांबलो. अब्बांची निवृत्ती जवळ आली होती, लहान भावंडं होती. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत स्टोअरकीपर झालो. कविता रात्री लिहिल्या. पण वाचायला कोण बसेल हा प्रश्न मला कधी पडला नाही. सहा जण समोर बसलेत असं धरूनच मी लिहिलं. दर महिन्याच्या एका रविवारी आम्ही ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात भेटायचो. १८९३ सालापासून ती संस्था पुस्तकं सांभाळते आहे. आम्हालाही तिनं काही वर्षं सांभाळलं. टिटवाळाही यायचा. मागच्या बाकावर बसायचा.

आता सर नाहीत. सर गेले त्या वर्षापासून त्यांच्या स्मृतिदिनी डोंबिवली आमच्या मोबाइलच्या ग्रुपवर हजेरी घेते. त्याच क्रमानं. कळवा २०२१ साली करोनात गेला. त्या वर्षी तिनं 'कळवा' असं लिहिलं आणि बराच वेळ काही लिहिलं नाही. मग खाली टिटवाळ्यानं तारीख लिहिली आणि पुढे लिहिलं, अनुपस्थित.

श्रोतेहो, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारनं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. मलाही आनंद झाला. पेढे वाटणाऱ्यांत मी होतो. एकेकाळी मुंबई विद्यापीठाच्या परीक्षांमध्ये मराठीला जागा मिळावी म्हणून न्यायमूर्ती रानड्यांसारख्या माणसाला वर्षानुवर्षं खटपट करावी लागली होती. तिथपासून इथपर्यंत आलो, ही लहान गोष्ट नाही. पण ज्या वर्षांत हा दर्जा आला त्याच वर्षांत कॉलेजातल्या मराठी विभागांची बाकं रिकामी होत चालली आहेत. जागा निवृत्तीनंतर भरल्या जात नाहीत, तासिका तत्त्वावर माणसं येतात आणि जातात. विद्यार्थी कमी म्हणून कार्यभार कमी. कार्यभार कमी म्हणून शिक्षक कमी. आणि शिक्षक कमी म्हणून पुन्हा विद्यार्थी कमी.

कॉलेज चालवणाऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांनाही हिशेब जुळवावा लागतो. पालकांनाही देत नाही. माझ्या मामूंसारखंच त्यांनाही वाटतं, मुलगा कुठं तरी चिकटावा. मला फक्त त्या हिशेबातली एक नोंद दाखवायची आहे. चार विद्यार्थ्यांचा वर्ग परवडत नाही, असं म्हणताना आपण चार हा आकडा तोट्याच्या बाजूला लिहितो. आम्ही सात होतो म्हणून माझा कोरा चौकोन दिसला. एकशेवीस असतो तर माझ्या नंबराला कुणीतरी 'प्रेझेंट सर' म्हणून टाकलं असतं, आणि सरांना खोपटपर्यंत चालत यावं लागलं नसतं. जो लहानपणा विभाग बंद करण्याचं कारण ठरतो आहे, त्या लहानपणानंच मला त्या वर्षी सावरलं.

आणि हे केवळ मराठीचं नाही. इतिहासाचा असो, तत्त्वज्ञानाचा असो, एखाद्या कॉलेजातला उर्दूचा किंवा संस्कृतचा असो, असा प्रत्येक विभाग म्हणजे एक खोली आहे, जिथं वीस वर्षांच्या मुलाला, घराबाहेर पहिल्यांदाच, कुणीतरी विचारतं की तू काल कुठं होतास. या वयात ते विचारलं गेलं नाही तर पुढे कोण विचारणार? कंपनीत विचारतात, पण तिथं पगार कापण्यासाठी.

मी पालकांना एकच विनंती करतो. जूनमध्ये प्रवेशाची धावपळ सुरू होईल. तुमच्या मुलानं किंवा मुलीनं घाबरत घाबरत एखाद्या लहान विषयाचं नाव काढलं, तर लगेच 'नाही' म्हणू नका. माझ्या अब्बांसारखा एखादा प्रश्न विचारा, आणि मग म्हणा, घे काय घ्यायचं ते.

त्या दिवशी निरोप समारंभात माझं बोलून झालं. सामोसे गार झाले होते. मुंब्र्याची ती मुलगी उठली आणि तिनं बाईंना विचारलं, "बाई, एकदा घेता का?" बाईंना क्षणभर कळलं नाही. मग त्यांनी टेबलाच्या खणातून हजेरीपत्रक काढलं, चष्मा लावला, आणि चार नावांवरून बोट फिरवत, नावांऐवजी स्टेशनं आठवत आठवत म्हणाल्या, "मुंब्रा."

आमच्या हजेरीत मुंब्रा नव्हतं. कळवा आणि दिवा यांच्यामधली ती जागा रिकामी होती.

"हजर," ती म्हणाली.